गोंदातला व्हॅनिला
नव्या गोंदाची कृती बाहेर विकल्याचा आळ मालकांनी भर कारखान्यात प्रयोगशाळाप्रमुख बाईंवर घेतला. मग खोलीत बोलावून सुनावलं, “मुकाट्याने नोकरी सोडा.” शेजारी त्यांचा जावई मान हलवत होता. बाईंनी प्रतिस्पर्ध्यांच्या नव्या गोंदाचा डबा मेजावर ठेवून झाकण काढलं. “वास घ्या, साहेब.” “व्हॅनिला? गोंदात आइस्क्रीम कुणी कालवलं?” “मीच, पण फक्त कागदावर. चोरीचा संशय होताच, म्हणून कृतीच्या प्रत्येक प्रतीत मी वेगळा बिनकामाचा वास लिहिला. चोराने तोही इमानेइतबारे उतरवला. व्हॅनिला जावईबापूंच्या प्रतीत होता.” जावयाची मान थांबली. मालक कुजबुजले, “बाई, घरातली गोष्ट आहे. नोकरी राहील तुमची, पण हे इथंच मिटवू.” “मला चोर ठरवलंत ते भर कारखान्यात, सगळ्यांदेखत. आता हेही तिथंच सांगा.” बाईंनी दार सताड उघडलं आणि बाहेरची यंत्रं बंद करायला सांगितली.