मागचं वजन

"याचं छत बुटकं आहे, डॅड," जोलीन म्हणाली. तेवढ्यात व्हर्लिनचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलंच.

"चालेल," तो कपाळ चोळत म्हणाला.

"काय चालेल? रोज टेंगूळ घेऊन उठणार का?"

नॅम्पा गावातल्या विक्रीच्या आवारात सकाळपासून ते ट्रेलर बघत होते. पुढे पलंग, चूल, न्हाणी, मागे गॅरेज. गॅरेजची मागची भिंत खाली पाडली की तिचाच उतार होई आणि मोटारसायकल सरळ आत चढे. इकडे याला टॉय हॉलर म्हणतात. लोक सुट्टीत वाळूत गाड्या उडवायला नेतात. व्हर्लिनला मात्र बारा महिने राहता येईल असा हवा होता, आणि आत बसून नोकरी करता यायला हवी होती.

त्याची कसली नोकरी, ते त्याने सांगितलं नव्हतं. शेजारचा एकजण फोनवर बियाणं विकतो, तसंच काहीतरी याच्या डोक्यात असणार, असं जोलीनने धरलं होतं.

व्हर्लिनच्या बायकोला, मार्व्हाला, जाऊन दुसरा हिवाळा सरत आला होता. जोलीन आईला पोचवायला म्हणून आली ती राहिलीच. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडून विमा कंपनीचं काम करी. बापाचं जेवण, गोळ्या, डॉक्टर सगळं तीच बघे. त्याच टेबलावर एक दिवस ट्रेलरची चित्रं पसरलेली दिसली. तिने विचारलं, "घर खायला उठतं का रे?" व्हर्लिन म्हणाला, "असं किती दिवस चालायचं?"

आई गेली होती. आता बापही कुठल्यातरी वाळवंटात एकटा पडून राहणार. त्याला परत वळवायचं, एवढ्यासाठीच ती आज बरोबर आली होती.

"टेबल इथं बसेल?" व्हर्लिनने गॅरेजमध्ये विचारलं. "पोरी, इथं उभी राहा. कोपर दुमड. हं, एवढी उंची."

"तुझं कोपर माझ्या कानाशी येतं, डॅड."

"मापाला कुठलंतरी कोपर लागतंच."

विक्रेता डुएन हसला. "मोटारसायकल आणि टेबल एकाच खोलीत? पेट्रोलचा वास मारेल, मिस्टर हॅस्केट."

"मुक्कामाला पोचलं की मोटारसायकल बाहेर, टेबल उघडून आत. आणि झोपायच्या बाजूला ही भिंत आहेच. म्हणून तर हा बघतोय." मग तो जोलीनकडे वळला. "तुझा फोन काढ. माझा काय कामाचा. बोलणं तुटतं का बघ. आणि दार लावून बोल, मीटिंग असल्यासारखं."

"तुला कसल्या मीटिंगा? कबुतरांबरोबर?"

"घरी मी मिक्सर लावला की तुझे साहेब ओरडतात. तेव्हापासून धसकाच घेतलाय."

पलंगाशी पोचल्यावर तो म्हणाला, "तू पडून सांग. माझी पाठ धरलीय."

ती आडवी झाली. उशाशी खिडकी होती. तिच्यातून नुसतं आभाळ दिसत होतं. ती तिकडेच बघत राहिली.

"कसं आहे?"

"बरं आहे." ती घाईने उठली. "पण तुझ्या गुडघ्यांना ही पायरी उंच पडेल. चल घरी."

"चालेल म्हटलं ना."

डुएनने शेवटचं सांगितलं. "एक चूक सगळेच करतात. गॅरेजमध्ये ऑफिस थाटतात आणि ते रिकामंच ओढतात. मग सगळा भार पुढे हुकावर येतो आणि पिकअप मागून बसतो. मागे काहीतरी जड ठेवा."

"बायकोची मोटारसायकल आहे," व्हर्लिन म्हणाला. तो स्वतः जन्मात त्या मोटारसायकलवर बसला नव्हता. मागे बसायची ती जोलीन.

जोलीनने मान फिरवली.

"आणि ओढणार कशाने?"

"तो काय, बाहेर उभा आहे. तोही बायकोचाच." जोलीन हल्ली तोच पिकअप चालवी.

पिकअप किती वजन ओढतो, ती त्याच्या दारावरची पट्टी डुएनने वाचली आणि मान हलवली. पुरेसा होता.

ट्रेलर जोडल्यावर व्हर्लिन म्हणाला, "मागे तू घे. माझी मान वळत नाही."

पहिल्यांदा ट्रेलर कोपरासारखा दुमडला. व्हर्लिन खिडकीशी आला. "स्टिअरिंग खालून धर. शेपूट जिकडे न्यायचं तिकडे हात न्यायचा."

दुसऱ्यांदा तो सरळ दोन रेघांच्या मध्ये जाऊन बसला. जोलीन खाली उतरली तेव्हा तिचा चेहरा फुलला होता. मग तिला आठवलं, आपण कशासाठी आलो होतो.

"मार्व्हाला असं पहिल्या वर्षात जमलं नव्हतं," व्हर्लिन म्हणाला.

बर्फ वितळलं, घाटरस्ते उघडले. निघायच्या सकाळी मोटारसायकल मागे पट्ट्यांनी बांधून झाली होती. जोलीनने पिकअपमध्ये समोर गोळ्यांचा डबा ठेवला, थर्मास ठेवला, मीटलोफची सँडविचं कागदात बांधून ठेवली. चाकांतली हवा दोनदा तपासली. मग घराच्या दाराशी उभी राहून हाक मारली.

"डॅड, ऐकतोस का? अंधारात चालवायचं नाही. वारा सुटला की थांबायचं. आणि रोज फोन करायचा. रोज!"

व्हर्लिन बाहेर आला. पायात घरातल्या सपाता होत्या. खांद्यावर तिचं जाकीट, हातात स्वयंपाकघरातली तिची कामाला बसायची चाकांची खुर्ची. खुर्ची त्याने गॅरेजमध्ये टेबलाशी नीट बांधली. पुढे येऊन गोळ्यांचा डबा उचलला आणि आपल्या खिशात टाकला. मग पिकअपच्या किल्ल्या तिच्या हातावर ठेवून चालकाचं दार तिच्यासाठी उघडून धरलं.

"रोज फोन करायचा, पोरी," तो म्हणाला. "रोज."