उसना आवाज

शरयू घाटगे यांच्या पत्राला मी बावीस वर्षं उत्तर दिलं नाही. प्रकाशकाकडे येणारी हस्तलिखितं तेव्हा मी वाचत असे. त्यांच्या पहिल्या कादंबरीवर मी शेरा मारला होता, ‘आवाज उसना. परत पाठवावी.’ तो शेरा त्यांना कळवला गेला, तेव्हा त्यांनी मला पत्रात एवढंच विचारलं, ‘कशावरून?’ पुढे त्यांचं नाव मला कुठल्याच पुस्तकावर दिसलं नाही. मी शोधत असे.

परवा भाची सुटे भाग जोडून स्वतः बनवलेला कीबोर्ड घेऊन आली. बटणांखाली एका बाजूला मूळ कंपनीचे, दाबले की टकटक वाजणारे स्विच होते, दुसऱ्या बाजूला त्यांची स्वस्त नक्कल.

“मामा, जन्मभर टाइपरायटर बडवलास. ओळख, नक्कल कुठली?”

मी दोन्हीकडे बोटं चालवली. “उजवीकडची. आवाज जरा उसना वाटतो.”

“चूक! उजवीकडचेच अस्सल आहेत.” ती हसत सुटली. “आणि काय तो थाट! उसना म्हणे. कशावरून रे?”

खरं तर मला काहीच फरक जाणवला नव्हता. जाणकार म्हणून विचारलं, तर काहीतरी बोलायला हवं, म्हणून बोललो होतो. तेव्हाही तसंच झालं होतं.

ती गेल्यावर मी कागद घेतला. ‘कशावरूनही नाही. मला कळलं नव्हतं, आणि तसं लिहायची लाज वाटली.’ खाली सही केली. पाकिटावर त्यांच्या पत्रातलाच पत्ता घातला. दुसरा मला ठाऊक नाही.

आज सकाळी ते पेटीत टाकलं.