मागच्या चाकांची हवा

"काका, परत मागची चाकं बसली?" पंपावरच्या हवावाल्याने विचारलं.

"बसणारच! मुलगा, सून, नातवंडं, वर सुनेच्या बॅगा. गाडी आहे की धर्मशाळा! भरल्या गाडीला लागते तेवढी भर." मग काकांनी कालची सहल अशी तिखटमीठ लावून सांगितली, की हवावाला हसता हसता गेजवरचा आकडा वाचायलाच विसरला.

"मजा आहे बुवा तुमची! पण पुढच्या रविवारपासून इथे मशीन बसतंय. आकडा दाबला की काम झालं, कुणाशी बोलत बसायला नको."

आपल्या एकट्याच्या रिकाम्या घरी आल्यावर काकांनी दर रविवारसारखी मागच्या चाकांची हवा काडीने सोडायला घेतली, आणि अर्ध्यावरच त्यांचा हात थांबला. आता ती पुन्हा भरायला जायचं, ते कुणाशी बोलायला?