पुण्याला जायचं कारण

सुकन्या घरीच चादरींची डिझाईन करायची. "मामा, हितल्या मॉनिटरवर रंग खरे दिसत न्हाईत. पुण्याच्या ऑफिसात चांगले मॉनिटर हायत," असं सांगून तिनं सासऱ्यांकडं नवरा मल्हारसोबत पुण्याला बिऱ्हाड करायची परवानगी मागितली.

दुसऱ्याच दिवशी बिरप्पामामा लेक-सुनेला घेऊन गावातल्याच नव्या पेठेतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात हजर! सुकन्या प्रत्येक मॉनिटरला नावं ठेवत गेली. शेवटच्यावर मात्र तिच्या चादरीचा डाळिंबी रंग हुबेहूब उमटला.

"हाच द्या!" मामा खुशीत म्हणाले. "आता पोरांनी घर सोडायचं कारणच न्हाय की!"

मल्हारनं खोका उचलला.



दोघांनी पुण्यात गुपचूप भाड्यानं घेतलेल्या खोलीची किल्ली सुकन्यानं पर्समध्ये घट्ट धरून ठेवली होती.