उघड्यावरचा पासवर्ड

संरक्षण मंत्रालयात नवे संगणक आले आणि बोललेलं ऐकून आपोआप टाइप करू लागले, तेव्हाच स्टेनोबाईंनी ओळखलं, आता आपली गच्छंती. आज सुरक्षा अधिकारी कपातीची यादी घेऊनच आले. बाईंच्या पडद्यावर चिकटवलेली चिठ्ठी पाहून ते कडाडले. “पासवर्ड? असा उघड्यावर? शत्रूला आमंत्रणच की!” “वाचून दाखवा ना, साहेब.” साहेबांनी चिठ्ठी उलटी धरली, सुलटी धरली. शाईत पाय बुडवून मुंगी फिरावी, तशी शॉर्टहँडची वळणं. “सबंध इमारतीत हे वाचणारी मी एकटीच उरलेय.” साहेबांनी दार लोटलं, आवाज खाली आणला. “बाई, या आठवड्यात माझा पासवर्ड तीनदा विसरलोय. असाच लिहून द्या. वाचायलाही शिकवा.” “हुशार माणसाला दोन वर्षं लागतात.” साहेबांनी क्षणभर विचार केला, यादीतलं बाईंचं पद खोडलं आणि शेजारी लिहिलं, ‘मुदतवाढ: चार वर्षं’.