सुतळीची गाठ

प्रयोगात चौथ्यांदाही चरबी झालीच. मोजयंत्राच्या कागदावर रेघ टेकाडासारखी वर चढली होती. तो कागद घेऊन ती सरांच्या खोलीपर्यंत आली आणि दारातच थबकली.

वर छताला सरांनी बनवलेला सांगाडा टांगलेला होता. लाकडी मण्यांच्या दोन लांब साखळ्या. शरीरात चरबी घडवणाऱ्या एन्झाइमचे हे जुळे भाऊ. एकेका साखळीत सात मणी, म्हणजे सात कारागीर. सरांच्या मते हे भाऊ एका अंथरुणात उलटसुलट निजतात, एकाच्या डोक्याशी दुसऱ्याचे पाय. एकानं धरलेलं काम दुसऱ्यानं पुरं करायचं. एकट्याच्यानं काही व्हायचं नाही. याच मांडणीवर सरांचं नाव झालं होतं.

साखळ्या तशा उलटसुलट धरून होती ती नुसती सुतळी. दर वर्षी ती सैल पडायची आणि नव्यानं आलेल्या विद्यार्थ्याचं पहिलं काम ती बांधणं. "एवढा मोठा माणूस, पण दोन थेंब सरसाला महाग!" प्रयोगशाळेतली भांडी धुणाऱ्या मावशी म्हणायच्या. पाच वर्षांपूर्वी तिनंही बांधली होती, सरांनी दाखवली तश्शी, एका हिसड्यात सुटणारी.

आता परीक्षानळीत तिनं एका भावाचे सातही कारागीर मारून टाकले होते. तरी दुसरा एकटाच, गुमान, चरबी विणत बसला होता.

"आत ये की. उंबऱ्यावर उभी राहून काय चरबी वितळवतेयस?" सर म्हणाले.

आई गेल्यावर 'जेवलीस का' असं विचारणारं हे एकच माणूस. त्यांच्या निवृत्तीला आठ दिवस उरलेले. आणि हिनं सांगायचं, सर, तुमचं चुकलं.

तिनं कागद पुढे ठेवला. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"भांडी नीट धुतली होतीस?"

"स्वतः. मावशींनाही हात लावू दिला नाही."

"मेलेल्यांत एखादा धुगधुगत असेल."

"सातही तपासले. सगळे गार."

"मग दोन्ही भाऊ जिवंत अशी एखादी जोडी मिसळली असेल."

"त्या वेगळ्या काढल्या, सर. उरली ती फक्त एक जिता, एक मेला अशीच."

सरांनी पेन्सिल टेबलावर दोनदा वाजवली.

"मग निजतात कसे हे?"

"निजत नसावेत," ती म्हणाली. "डोक्याशी डोकं, कंबरेशी कंबर टेकून उभे असतील. आपापलं काम आपणच करत."

सर उठले. त्यांनी स्टूल सांगाड्याखाली ओढलं आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"चढ."

"सर, राहू द्या ना..."

"चढ म्हणतो ना!"

ती चढली. डोळ्यांत पाणी, म्हणून गाठ बोटांनीच शोधली. एक हिसडा दिला. सुतळी सुटली, खालची साखळी गर्रकन फिरली आणि वरच्या भावाच्या डोक्याशी डोकं आणून हलकेच डुलत राहिली.

"हुश्श!" खालून सर म्हणाले. तिनं भीतभीत पाहिलं. म्हातारा चक्क हसत होता.

"बावीस वर्षं प्रत्येकाला सुटणारी गाठ शिकवली, पोरी. आणि एकजात सगळ्यांनी ती नुसती बांधली!"