झेंड्याच्या बैठकीचा दिवस

"प्रार्थना होणारच," मास्तर म्हणाले.

"मग मी खांदा द्यायचा नाही," वकील म्हणाले.

आबा पलीकडच्या खोलीत पांढऱ्या चादरीखाली होते. त्यांनी देश उभा केला होता. सकाळी त्यांचा श्वास थांबला आणि तेव्हापासून त्या देशाचे हे दोन खांब बाहेरच्या खोलीत भांडत होते. दाराशी रेडिओचा निवेदक कोरा कागद धरून ताटकळत होता. रस्ता माणसांनी भरून गेला होता. आबांना प्रार्थनेने निरोप द्यायचा की नुसतं शांत उभं राहून, एवढंच त्याला लोकांना सांगायचं होतं. 'देव जाणे' म्हणून मोकळं व्हायचीही सोय नव्हती, कारण भांडण त्याच्यावरूनच होतं.

आबांनी हयातभर या विषयावर चकार शब्द काढला नव्हता. धर्मगुरू आले की ते उठून उभे राहत. नास्तिक आले की त्यांच्यासाठीही तितक्याच अगत्याने चहा मागवत. त्यामुळे आबा मनातून आपलेच, असं प्रत्येकाला वाटायचं. राज्य चालवायला ही युक्ती नामी होती. पण ती चालवणारा माणूस आता उरला नव्हता आणि दोन्ही गोटांना तो सबंध हवा होता.

पुरावा दोघांकडे एकच होता. झेंड्याची बैठक. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं, मास्तर आणि वकील दोघेही तुरुंगातून सुटून थेट याच खोलीत आले होते. झेंड्यावर धर्माचं चिन्ह असावं की नसावं, यावर दुपारभर रण माजलं. आबा सगळा वेळ डोळे मिटून बसले होते. ओठ तेवढे हलत होते. शेवटी म्हणाले, "काही काढू नका त्याच्यावर. कोरा राहू द्या." आणि उठून आत गेले. हा प्रसंग शाळेतल्या मुलांनाही पाठ होता.

"ते हलणारे ओठ मी पाहिलेत," मास्तर म्हणाले. "ती प्रार्थना होती. नाहीतर माणूस डोळे कशाला मिटेल?"

"कंटाळून," वकील म्हणाले. "तुमचं भाषण चालू होतं."

एरवी मास्तर यावर हसले असते. आज कुणी हसलं नाही.

"आत बाईसाहेब आहेत ना?" निवेदक चाचरत म्हणाला. "त्यांना विचारलं तर?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. या घरात मास्तरांनी आणि वकिलांनी जन्मभर चहा प्यायला होता, पण तो करणारं कुणी आहे हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. वहिनी सांगतील ते मान्य, असं दोघांनी तिथल्या तिथे कबूल केलं.

वहिनी आत धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. आबांचे सदरे एका बाजूला, बनियन दुसऱ्या बाजूला. आता हे कपडे कुणाला लागणार नाहीत, हे त्यांना कळत होतं. हात थांबत नव्हते. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्या "बरं" म्हणाल्या होत्या. रडू येत नव्हतं. काहीच येत नव्हतं. एक गोष्ट तेवढी मनात होती. आबांना फार वर्षांपूर्वीच्या एका दुपारबद्दल विचारायचं राहून गेलं होतं. आधी घरात सारखी माणसं असायची, मग आजारपण आलं, आणि आजारी माणसाला असलं कसं विचारायचं? आता उत्तर द्यायला कुणी राहिलं नाही, असं त्यांना वाटलं. त्याचंही दुःख होईना, म्हणून त्या स्वतःलाच जरा घाबरल्या.

हाक आली तशा त्या बाहेर आल्या आणि खुर्चीच्या कडेवर बसल्या. या खोलीत बसायची त्यांना सवय नव्हती.

"वहिनी, एवढंच सांगा," मास्तर म्हणाले. "आबा देव मानायचे का?"

"मला नाही माहीत."

"असं कसं? अख्खा संसार केलात त्यांच्याशी."

"माझ्याशी कुठे बोलायचे हे? बोलायचे ते तुमच्याशी."

वकिलांनी खुर्ची पुढे ओढली. "बरं, झेंड्याच्या बैठकीचा दिवस आठवतो? डोळे मिटून बसले होते ते. रात्री घरात काही म्हणाले असतील. काहीही."

वहिनींनी मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदाच त्या कुणाकडे नीट पाहत होत्या.

"मला तेच तुम्हाला विचारायचंय," त्या म्हणाल्या. "यांना विचारायचं राहिलं. त्या दुपारी पोरगी गेली आमची. तान्ही होती, नावसुद्धा ठेवलं नव्हतं. हे म्हणाले, बाहेर माणसं आलीत, आवाज करू नकोस. मी नाही केला. माझ्या भावाने तिला मागच्या दाराने नेलं आणि हे बाहेर येऊन तुमच्यात बसले. नंतर कधी तिचा विषयच काढला नाही." त्यांनी एकदा मास्तरांकडे पाहिलं, एकदा वकिलांकडे. "तुम्ही तर दोन्ही बाजूंना बसला होतात. ओठ हलत होते म्हणता. काय म्हणत होते हो?"

निवेदकाने कागद पाठीमागे धरला. बाहेरच्या गर्दीचा आवाज खिडकीतून येत होता.

"वहिनी," वकील म्हणाले, "तुम्हाला मुलगी होती?"